वाचकांचे प्रश्न : गोठवून वाळवलेली निर्जंतुक औषधे

गेल्या महिन्यात या सदरात पेठ तालुक्यातील एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते, की सर्पदंशावरील प्रतिविष भुकटीच्या रूपातही मिळते, ती भुकटी गोठवून वाळवलेली असते आणि म्हणूनच वीज वारंवार जाणाऱ्या आरोग्य केंद्रातही ती टिकते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. बहुतेक पत्रे सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांची किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्यांची आहेत. नावे छापू नयेत अशी विनंती अनेकांनी केली असल्याने सर्वांचीच नावे गाळली आहेत. औषधे गोठवून वाळवण्याच्या विभागात मी स्वतः बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबले आहे. ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : आम्ही कैरी, गवार, मेथी उन्हात वाळवतो, लासलगावकडे कांद्याचे काप गरम हवेवर वाळवतात. मग औषध वाळवण्यासाठी आधी ते गोठवण्याचा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आणि बर्फ न वितळताच वाळतो म्हणजे नेमके काय होते? (एक गृहिणी, नाशिकरोड)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण वाळवण्याच्या सर्व रीतींमध्ये ही अतिशय संथ आणि अतिशय खर्चिक रीत आहे, आणि दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर कोणताही कारखानदार हिच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु सर्पदंशावरील प्रतिविष हे प्रथिन आहे. अंड्यातील पांढरा भाग तव्यावर पडताच जसा घट्ट होतो आणि पुन्हा कधी पूर्ववत होत नाही, तशीच गत उष्णतेने या प्रथिनाची होते. अनेक प्रतिजैविकांचे दुखणे निराळे असते : ती कोरडी असताना वर्ष-दोन वर्षे सहज टिकतात, पण पाण्यात विरघळली की काही तासांत किंवा दिवसांत त्यांचे विघटन सुरू होते. म्हणजे पाणी तर काढलेच पाहिजे, आणि ते काढताना उष्णता तर लागता कामा नये.

बर्फ न वितळता वाळणे आपण घरी पाहिलेलेही असेल. फ्रीजरमधील ट्रेमध्ये बर्फाचे खडे महिनाभर तसेच राहिले, तर ते आकसून लहान होतात. पाणी झालेले तर कुठे दिसत नाही. देवघरातील कापराची वडी उघडी राहिली तर ती जशी झिजत जाते, तशीच ही क्रिया आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला संप्लवन म्हणतात. पाणी द्रवरूपात टिकण्यासाठी वाफेचा किमान दाब सुमारे ६.१ मिलिबार असावा लागतो. आपल्याभोवती समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१३ मिलिबार असतो. यंत्राच्या बंद कोठीतील दाब ०.१ ते ०.२ मिलिबारपर्यंत उतरवला, की तेथे पाण्याला बर्फ किंवा वाफ यांखेरीज तिसरे रूप घेता येत नाही. मग थोडीशी उष्णता पुरवली तरी बर्फाची थेट वाफ होऊ लागते.

उन्हात वाळलेली गवार सुरकुतते, कारण पाणी द्रवरूपात पृष्ठभागाकडे सरकताना पेशींच्या भिंतींना आत ओढते. गोठलेल्या द्रावणात मात्र प्रत्येक कण जागच्या जागी थिजलेला असतो. बर्फाचे स्फटिक निघून गेले, की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी सच्छिद्र, हलकी वडी मिळते. तिच्यात पाणी घातले की ते क्षणात आतपर्यंत शिरते, आणि सर्पदंशाच्या रुग्णासाठी औषध तयार करणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने तेवढी मिनिटे फार मोलाची असतात.

प्रश्न : आमच्या पुस्तकात गोठवणे, प्राथमिक शुष्कन आणि दुय्यम शुष्कन असे तीन टप्पे दिले आहेत. त्यांपैकी प्राथमिक शुष्कनालाच एक-दोन दिवस का लागतात? शेल्फचे तापमान वाढवून ते लवकर का उरकता येत नाही? (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, आडगाव)

उत्तर : तुम्ही शेल्फच्या, म्हणजे यंत्राच्या कोठीतील ज्या फळीवर औषध ठेवतात तिच्या, तापमानाबद्दल विचारले आहे, पण लक्ष ठेवायचे ते औषधाच्या तापमानावर, आणि ही दोन तापमाने प्राथमिक शुष्कनात कधीच सारखी नसतात. बर्फाची वाफ होताना ती उष्णता शोषते : एक किलो बर्फासाठी सुमारे २,८४० किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिट विजेपेक्षा किंचित जास्त. घाम वाळताना अंग गार पडते, त्याच न्यायाने औषध स्वतःला गार ठेवते. शेल्फ शून्याच्या वर असताना त्यावरील औषध उणे ३० अंशांवर असणे ही नित्याची गोष्ट आहे.

आता घाई का करता येत नाही ते पाहू. द्रावण गोठताना शुद्ध पाण्याचा बर्फ वेगळा होतो आणि विरघळलेला पदार्थ उरलेल्या पाण्यासह दाट होत जातो. पदार्थ स्फटिकरूप होणारा असेल तर त्या मिश्रणाला एक ठरावीक द्रवणबिंदू असतो. मिठाच्या पाण्याचा तो सुमारे उणे २१ अंश आहे. पदार्थ अस्फटिक राहणारा असेल तर तो काचेसारखा थिजतो, आणि एका विशिष्ट तापमानाच्या वर ती काच मऊ होऊन वाहू लागते. साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, द्रावणात हा उंबरठा उणे ३२ अंशांच्या आसपास आहे. वाळत असलेले औषध या उंबरठ्याच्या वर गेले, की नुकत्याच तयार झालेल्या पोकळ्या ढासळतात, वाफेची वाट बुजते, वडी खाली बसते आणि तिच्यात अडकलेले पाणी पुढे कितीही तापवले तरी नीट निघत नाही. म्हणून कोणत्याही औषधाची पद्धत बसवताना हा उंबरठा आधी प्रयोगशाळेत मोजतात आणि औषध त्याच्या दोन-तीन अंश खाली ठेवतात.

दुसरीकडे, औषध गरजेपेक्षा जास्त थंड ठेवणेही परवडत नाही. उणे २० अंशांच्या बर्फाचा बाष्पदाब सुमारे १.०३ मिलिबार आहे आणि उणे ४० अंशांच्या बर्फाचा सुमारे ०.१३ मिलिबार, म्हणजे वीस अंशांत तो आठपटीने घटतो, आणि वाफेला बाहेर ढकलणारे बळ तेच असल्याने वाळवण्याची गतीही मंदावते. औषधाचे तापमान एक अंशाने वाढवता आले तर प्राथमिक शुष्कनाचा वेळ साधारण १३ टक्क्यांनी कमी होतो, असा या क्षेत्रातील रूढ ठोकताळा आहे. कड्याच्या जितके जवळ चालाल तितकी वाट जवळची, अशी ही गोष्ट आहे, आणि तो कडा कुठे आहे हे मोजल्याशिवाय चालणे मला कधीच पसंत पडले नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात बहुधा घाईत उरकलेली असते. ०.१ मिलिबार दाबाला एक ग्रॅम बर्फाची वाफ दहा घनमीटरांहून अधिक जागा व्यापते. एवढी वाफ कोणताही व्हॅक्यूम पंप खेचू शकत नाही. तिला वाटेत उणे ६० ते उणे ८० अंशांच्या कंडेन्सरवर पुन्हा बर्फरूपाने पकडावे लागते. पंप फक्त उरलीसुरली हवा काढतो. कंडेन्सर लहान पडला तर शेल्फ कितीही चांगले असून उपयोग होत नाही.

प्राथमिक शुष्कन संपले हे कसे ओळखायचे, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. कोठीला दोन प्रकारचे दाबमापक जोडतात. कपॅसिटन्स प्रकारचा मापक खरा दाब दाखवतो. पिराणी प्रकारचा मापक वायूच्या उष्णतावहनावर चालत असल्याने पाण्याची वाफ भरलेली असताना तो सुमारे १.६ पट जास्त आकडा दाखवतो. बर्फ संपत आला की कोठीत वाफेऐवजी नायट्रोजन किंवा हवा उरते आणि पिराणीचा आकडा खाली येऊन दुसऱ्या मापकाला मिळतो. त्यानंतर तापमान हळूहळू वाढवून, काही वेळा ४० अंशांपर्यंत नेऊन, पदार्थाला चिकटून राहिलेले पाणी काढतात. ते दुय्यम शुष्कन होय.

प्रश्न : ही रीत कधीपासूनची आहे? (निवृत्त मुख्याध्यापक, पंचवटी)

उत्तर : पॅरिसमध्ये दार्सोंवाल आणि बोर्दा यांनी १९०६ मध्ये निर्वातात गोठवून वाळवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९०९ मध्ये अमेरिकेत शॅकेल यांनी त्याच दिशेने स्वतंत्रपणे काम केले. कारखानदारीचे रूप तिला दुसऱ्या महायुद्धात आले, कारण जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव आणि पुढे पेनिसिलिन दूरच्या आघाड्यांवर पोहोचवायचे होते. देवीच्या निर्मूलनात गोठवून वाळवलेल्या लशीचा वाटा फार मोठा आहे. उष्ण प्रदेशांत, बर्फाविना, ती खेडोपाडी नेता आली. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला.

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात चौदा वर्षे लायो (गोठवून वाळवण्याच्या) विभागात आहे. आमच्याकडे औषध कुप्यांत भरून वाळवत नाहीत. मोठ्या ट्रेमध्ये द्रावण ओतून वाळवतात, मग भुकटी करून डब्यांत भरतात आणि ते डबे दुसऱ्या कारखान्याकडे जातात. बाहेरच्या तपासनीसांचा रोख नेहमी आमच्या ट्रेवरच का असतो? कुप्यांत वाळवणाऱ्यांना एवढे प्रश्न विचारत नाहीत, असे ऐकतो. (ऑपरेटर, अंबड)

उत्तर : आपल्या पत्रातील तक्रारीचा सूर मला समजतो, परंतु तपासनीसांचा रोख योग्य ठिकाणी आहे असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि त्याचे कारण मी जरा सविस्तर मांडतो.

कुपीत वाळवताना निर्जंतुक द्रावण कुपीत जाते, रबरी बूच अर्धवट बसवलेले असते, वाळवून झाल्यावर यंत्रातील शेल्फच एकमेकांवर दाबून ते बूच पूर्ण बसवतात, आणि औषध कोठीच्या बाहेर येते ते झाकलेल्या अवस्थेत. आपल्याकडे, म्हणजे निर्जंतुक बल्कमध्ये (पुढे कुप्यांत भरण्यासाठी डब्यांतून पाठवायच्या मालात), औषध उघडे आत जाते आणि उघडेच बाहेर येते. त्यानंतरही ते ट्रेमधून सोडवणे, वडी फोडणे, चाळणे, गरजेनुसार दळणे, सगळे ट्रे एकत्र मिसळणे, नमुना काढणे आणि निर्जंतुक केलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यांत भरणे एवढे सोपस्कार उरतात. या प्रत्येक टप्प्यावर माणूस औषधाच्या वर वाकलेला असतो. स्वच्छ कक्षातील जंतूंचा सर्वांत मोठा स्रोत माणूसच आहे. गाऊन, मास्क आणि हातमोजे घातलेला माणूसही त्वचेचे कण झाडत असतो. शिवाय पुढच्या कारखान्यात ही भुकटी कुप्यांत भरली जाईल तेव्हा तिला पुन्हा गाळण्याची किंवा वाफेवर धरण्याची सोय नाही. आपण जी निर्जंतुकता डब्यात भरून पाठवता, तीच रुग्णाच्या शिरेपर्यंत जाते.

मग ट्रे वापरतातच का? कारण एका जागी मोठी बॅच वाळवून ती अनेक ठिकाणच्या भरणी कारखान्यांना देता येतो, एकच भुकटी २५० मिलिग्रॅमच्याही कुपीत भरता येते आणि एक ग्रॅमच्याही, आणि कोठीतील जागाही कुप्यांपेक्षा ट्रेमध्ये जास्त कारणी लागते. अर्थकारण खरे आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

ट्रेची खरी अडचण त्याच्या तळात असते. कोठीत इतका कमी दाब असतो, की हवेतून उष्णता फारशी वाहत नाही. ती शेल्फवरून थेट स्पर्शानेच जास्त येते. स्टीलचा ट्रे वर्षानुवर्षे धुऊन, कोरड्या उष्णतेवर तापवून, आपटून तळाशी किंचित वाकतो. डोळ्यांना न दिसणारी ती एक-दोन मिलिमीटरची पोकळी उष्णता अडवते आणि त्या जागचे औषध मागे राहते. कडेच्या ट्रेला कोठीच्या भिंतीची उष्णता जास्त मिळते, मधल्यांना कमी. त्यात द्रावणाची जाडी वाढवण्याचा मोह असतो. जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट होतो असे अनेकांना वाटते, पण वाफेला वाळलेल्या थरातूनच वर यावे लागत असल्याने वेळ त्याहून पुष्कळ जास्त, जवळपास चौपटीकडे झुकतो. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या वर जाताना मी तरी दहा वेळा विचार करीन.

एका पावसाळ्यात मी ज्या कारखान्यात होतो तेथे हे आम्हाला महाग पडले. बॅचच्या मिश्र नमुन्यातील पाण्याचे प्रमाण मर्यादेत आले, माल निघाला, आणि काही आठवड्यांनी राखून ठेवलेल्या एका डब्यातील भुकटी पिवळसर होऊन तिचे गोळे झालेले आढळले. शोध घेतला तेव्हा कळले, की मधल्या शेल्फवरील दोन ट्रेचे तळ फुगले होते आणि तापमानाचे संवेदक मात्र नेहमी दाराजवळच्या, हाताला सोप्या ट्रेमध्येच ठेवले जात होते. नमुनाही त्याच ट्रेमधून जास्त घेतला गेला होता. यंत्राने सांगितलेले प्रत्येक वाचन खरे होते. ते चुकीच्या जागेचे होते. तो माल परत मागवून नष्ट करावा लागला. ऑपरेटरचा त्यात दोष नव्हता. संवेदक कोठे ठेवायचा हे आम्ही, पद्धत लिहिणाऱ्यांनी, लिहिलेच नव्हते. त्यानंतर प्रत्येक ट्रेचा तळ सपाट पट्टीवर तपासणे आणि नमुना सर्वांत मागे राहणाऱ्या जागेतून घेणे आम्ही पद्धतीतच घातले. आपल्या विभागात हे होते का, हे आपण पुढच्या शिफ्टला जरूर पाहावे, आणि होत नसेल तर लेखी कळवावे. चौदा वर्षे त्या ट्रेंना हात लावणाऱ्या माणसाइतके त्यांच्याबद्दल कोणाला माहीत असणार?

पावसाळ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. अशी भुकटी सच्छिद्र असल्याने हवेतील ओल ती अधाशासारखी शोषते. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा जेव्हा दमट असते, तेव्हा भुकटी सोडवण्याच्या कक्षातील आर्द्रता खाली ठेवणारे यंत्र दोन तास बंद पडले, तर दोन दिवसांच्या वाळवणीवर पाणी फिरते.

अलीकडे वाफ जाऊ देणारा पण जंतू न जाऊ देणारा पडदा बसवलेले झाकणाचे ट्रे मिळतात, आणि हातमोजे बसवलेल्या बंद पेटीतून, म्हणजे आयसोलेटरमधून, भुकटी सोडवण्याची व्यवस्थाही करता येते. दोन्ही महाग आहेत. माझ्या मते दोहोंपैकी आधी पैसे खर्च करायचे असतील तर ते भुकटी सोडवण्याच्या जागेवर करावेत, कारण सर्वांत जास्त वेळ औषध तेथेच उघडे असते.

प्रश्न : उणे ४०-५० अंशांवर गोठवल्यावर आणि निर्वातात वाळवल्यावर जंतू जिवंत राहतात तरी कसे? आणि निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवस ठेवून ती उत्तीर्ण झाल्यावर आणखी काय सिद्ध करायचे राहते? (गुणवत्ता नियंत्रण विभागातील रसायनशास्त्रज्ञ, सातपूर)

उत्तर : या अंकातील सर्व पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हा प्रश्न. गोठवून वाळवल्याने जंतू मरतात हा समज कारखान्यांतही आढळतो आणि तो धोक्याचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून एखादा जिवाणू मागवा. तो काचेच्या कुपीत गोठवून वाळवलेल्या स्थितीतही येतो, आणि पोषक द्रव घालताच वाढू लागतो. जगभरातील सूक्ष्मजीव संग्रह आपले जंतू वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यासाठी नेमकी हीच रीत वापरतात. क्षयावरील बीसीजी लस म्हणजे तर जिवंत, दुर्बल केलेले जिवाणू गोठवून वाळवलेलेच असतात. जी क्रिया जिवाणू टिकवण्यासाठी उत्तम आहे, तिच्याकडून औषधातील जिवाणू मारण्याची अपेक्षा कशी करणार? साखर आणि प्रथिने असलेल्या द्रावणात तर ते अधिकच चांगले टिकतात, कारण औषधाला सांभाळणारे पदार्थ जंतूंनाही सांभाळतात.

म्हणून निर्जंतुकता कोठीत शिरण्याच्या आधी मिळवावी लागते आणि नंतर फक्त राखावी लागते. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाते. ती गाळणी ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा या अतिशय लहान जिवाणूच्या, दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी पेशींच्या माऱ्यासमोर पारखलेली असते. वापरानंतर ती फाटलेली नव्हती हे बबल पॉइंटसारख्या चाचणीने पाहतात. मात्र मेलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांचा विषारी अंश, या गाळणीतून पार जाते, आणि त्याने रुग्णाला थंडी भरून ताप येऊ शकतो. त्यासाठी पाणी आणि कच्चा माल मुळातच स्वच्छ लागतो, आणि स्टीलचे ट्रे कोरड्या उष्णतेवर तापवावे लागतात.

कोठी आणि कंडेन्सर दोन्ही १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करतात. कंडेन्सरकडे दुर्लक्ष करण्याची चूक पुष्कळांकडून होते. ते कोठीला जोडलेलेच असते आणि त्यात पाणी साचते. त्याहून सूक्ष्म धोका निर्वाताचाच आहे. कोठीला केसाएवढी भेग असली, तर दोन दिवस चाललेला निर्वात बाहेरच्या तांत्रिक भागातील, न गाळलेली हवा सतत आत ओढत राहतो. म्हणून गळतीची चाचणी ही देखभाल विभागाची बाब समजून सोडून देता येत नाही. ती निर्जंतुकतेचीच चाचणी आहे. शेवटी निर्वात मोडण्यासाठी सोडलेला नायट्रोजन ज्या गाळणीतून येतो, तिचीही पारख तितक्याच नियमाने व्हावी.

आता १४ दिवसांच्या चाचणीबद्दल, म्हणजे नमुना पोषक द्रवात ठेवून जंतू वाढतात का ते पाहण्याबद्दल. समजा, दर शंभर कुप्यांत एक दूषित आहे आणि आपण वीस तपासल्या. एकही दूषित कुपी हाती न लागण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के येते. म्हणजे असा सदोष माल पाच वेळांपैकी चार वेळा आपल्या हातून उत्तीर्ण होईल. बल्कच्या डब्यातून काढलेल्या काही ग्रॅमच्या नमुन्याचे तर विचारूच नका. आपली चाचणी निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. ती ढोबळ चूक पकडते. पण विश्वास ठेवायचा तो मीडिया फिलवर, म्हणजे औषधाऐवजी जंतूंचे पोषक द्रव घेऊन साऱ्या हालचाली जशाच्या तशा करून पाहण्यावर. त्यातही दोन गोष्टी सांभाळाव्यात : ते द्रव प्रत्यक्ष गोठवू नये, आणि निर्वात मोडताना नायट्रोजनऐवजी हवा सोडावी, कारण गोठण्याने किंवा प्राणवायूच्या अभावाने जंतूंची वाढ खुंटली तर निकाल खोटा चांगला येतो.

प्रश्न : निर्जंतुक प्रतिजैविकांचे बल्क उत्पादन सुरू करण्याचा आमचा विचार आहे. लायोफिलायझर (गोठवून वाळवण्याचे यंत्र) घ्यावा की दुसरी पद्धत निवडावी? (लघुउद्योजक, सिन्नर)

उत्तर : रेणू कोणता आहे हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. औषधाचे चांगले स्फटिक बनत असतील, तर गाळलेल्या द्रावणातून निर्जंतुक वातावरणात स्फटिकीकरण करून, तेथेच गाळून, धुऊन, बंद भांड्यात वाळवणे हा मार्ग मला जास्त पसंत आहे. सेफ्ट्रिअॅक्झोन सोडियम हे प्रतिजैविक असेच स्फटिकरूपात बनवतात. ते ज्या सेफॅलोस्पोरिन गटात मोडते, त्या गटात स्फटिकरूप सामान्यतः अस्फटिक रूपापेक्षा जास्त टिकाऊ असते, तर गोठवून वाळवण्याने बहुधा अस्फटिक रूपच हाती येते. म्हणजे जास्त खर्च करून कमी टिकाऊ वस्तू मिळण्याची शक्यता असते. शिवाय स्फटिकीकरणात अशुद्धी द्रावणातच मागे राहतात, गोठवून वाळवण्यात त्या जशाच्या तशा औषधातच उरतात, कारण तेथे फक्त पाणी निघून जाते. गरम निर्जंतुक हवेत फवारून वाळवण्याचा तिसरा मार्गही आहे. तो वेगवान आहे, पण ती सारी हवा निर्जंतुक ठेवावी लागते आणि औषधाने क्षणभराची उष्णता सोसली पाहिजे. लायोफिलायझर घ्यावा तो स्फटिक बनत नसतील आणि उष्णता चालत नसेल तेव्हाच.

घेणारच असाल तर भरणी-उतरणीचा विचार यंत्राच्या किमतीआधी करावा. युरोपीय संघाच्या निर्जंतुक औषधांविषयीच्या नियमावलीचे सुधारित परिशिष्ट १ हे २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले, आणि त्यातील लायोफिलायझरविषयीच्या ८.१२३ या एका कलमाला तेवढी आणखी एक वर्षाची मुदत दिली गेली, यावरूनच ते पाळणे किती जड आहे हे ध्यानात येईल. माणसाचा हस्तक्षेप शक्य तेवढा कमी करावा, आणि मध्ये कोणताही अडसर नसताना हाताने माल भरत किंवा काढत असाल तर प्रत्येक वेळी माल भरण्यापूर्वी यंत्र निर्जंतुक करावे, असे ते सांगते. आपल्याकडेही २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाच्या पद्धतींची नियमावली, सुधारले गेले आहे. जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. त्याची कोठी वाफेचा दाब सोसणारी नसेल, तर ती रसायनांनी पुसून निर्जंतुक झाली असे मानावे लागते, आणि त्या मानण्याला आधार देणे फार कठीण आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला दिलेल्या इंजेक्शनच्या कुपीत नेहमी पांढरी वडी असते. एकदा ती वडी बाजूने आकसलेली व तळाशी चिकट दिसली. औषध दुकानदारांनी ती बदलून दिली, पण असे औषध चालते का? आणि लसीकरण केंद्रात पाणी घालून चार तास झाले की लस फेकून देतात, ती वाया का घालवतात? (एक पालक, सिडको)

उत्तर : आपण कुपी बदलून घेतली हे फार चांगले केले. कुपीतच वाळवलेल्या औषधाची वडी तिच्या आकाराची असते, तर बल्क भुकटी भरलेल्या कुपीत ती सुटी, हलवल्यावर सरकणारी असते. दोन्ही प्रकार योग्यच आहेत. वडीला बारीक तडा असणे किंवा ती काचेपासून किंचित सुटलेली असणे हा बहुतेक वेळा फक्त दिसण्याचा दोष असतो. मात्र वडीचा काही भाग विरघळल्यासारखा, चिकट किंवा रंग बदललेला दिसला, तर वाळवताना ती वितळली असण्याची किंवा बुचातून ओल शिरली असण्याची शक्यता असते. ओल शिरली तर तिच्यासोबत आणखी काय शिरले हे डोळ्यांनी सांगता येत नाही. अशी कुपी वापरू नये, आणि फेकण्याऐवजी तिच्यावरील बॅच क्रमांकासह दुकानदारामार्फत उत्पादकाकडे परत पाठवावी. कारखान्यातील चौकशी त्या एका क्रमांकापासूनच सुरू होते.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी भुकटीच्या रूपात येतात आणि त्यांच्या अनेक मात्रांच्या कुप्यांत जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ नसतो, कारण या लशी जिवंत असतात आणि असा पदार्थ त्या लशीतील जिवाणूंना किंवा विषाणूंनाही मारू शकतो. कोरडेपणा हाच त्यांचा बचाव असतो, आणि पाणी घातले की तो संपतो. त्यानंतर दर वेळी सुई आत जाताना एखादा जंतू शिरला तर त्याला वाढायला आयते पाणी आणि पोषण मिळते, शिवाय लशीची शक्तीही उष्णतेने उतरू लागते. म्हणून आपल्या लसीकरण कार्यक्रमात चार तासांची मर्यादा घातलेली आहे, आणि कुपीवर पाणी घातल्याची वेळ लिहिलेली असते. पुढच्या वेळी केंद्रात गेल्यावर ती वेळ आपण अवश्य वाचावी. ती विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.